पगारवाढ मागाल, पण कुठल्या लाइनवर?

चाकणहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४६. गिअर बनवणाऱ्या कंपनीत २१ वर्षं परमनंट, ग्राइंडिंगवर ऑपरेटर, आणि सहा वर्षांपासून युनियनच्या कमिटीवर. जुना करार संपून १४ महिने झाले. युनियनने १८ हजारांच्या पगारवाढीचं मागणीपत्रक दिलं आहे. व्यवस्थापन म्हणतं, इलेक्ट्रिक गाड्यांमुळे ऑर्डरी घटताहेत, तीनपैकी दोन लाइन दोन वर्षांत बंद होतील, ज्यांना जायचंय त्यांनी व्हीआरएस, म्हणजे रक्कम घेऊन स्वेच्छानिवृत्ती, घ्यावी. वाचकांना २२ लाखांचा आकडा सांगितला आहे. त्याच मालकांनी रांजणगावला वेगळ्या नावाने इलेक्ट्रिक गाड्यांच्या भागांचा कारखाना काढायला घेतला आहे, आणि तिथली भरती सगळी नवी आहे. सध्याच्या कारखान्यात १७० परमनंट आहेत, कंत्राटी आणि ट्रेनी मिळून ४०० च्या आसपास. रविवारी जनरल बॉडीत, म्हणजे युनियनच्या सगळ्या सभासदांच्या सभेत, संपाचा ठराव येणार आहे. पत्नी म्हणते, पैसे घ्या आणि मोकळे व्हा. कमिटीतले म्हणतात, आत्ता मागे हटलास तर तोंड दाखवू नकोस. वाचकांनीच ठेकेदाराकडे लावून दिलेला त्यांचा भाचा त्याच लाइनवर त्यांच्या एक तृतीयांश पगारात राबतो. तो विचारतो, "मामा, तुमच्या संपात आम्ही कुठं?" त्यांचा प्रश्न असा: संपाला हात वर करू, की व्हीआरएसचा फॉर्म भरू?

नमस्कार,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. प्रत्येक वेळी थांबले ती तुमच्या भाच्याच्या वाक्यापाशी. तुम्ही ते पत्राच्या शेवटी लिहिलंय, पण तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे असं मला वाटतं. त्याच्याकडे येईन. आधी तुमच्या दोन पर्यायांकडे पाहू.

संप किंवा व्हीआरएस, असे दोनच दरवाजे तुम्ही मांडलेत. ते दोन्ही दुसऱ्यांनी तुमच्यासमोर उघडून ठेवलेले आहेत, एक कमिटीने, एक एचआरने. माझी शंका वेगळी आहे. १८ हजारांची वाढ उद्या पूर्ण मिळाली, सह्या झाल्या, पेढे वाटले गेले, तर ती वाढ कुठल्या लाइनवर मिळेल? दोन वर्षांनी जी लाइन उभीच नसेल, तिच्यावरचा वाढीव पगार २४ महिने मिळेल. तुमचं मागणीपत्रक कालच्या कारखान्यासाठी लिहिलेलं आहे आणि मालक उद्याचा कारखाना रांजणगावला बांधतोय. त्या उद्याच्या कारखान्याबद्दल तुमच्या कागदावर एक ओळ नाही. ती ओळ नसेल, तर संप जिंकूनही तुम्ही हराल.

हे मी वरून बोलत नाही. माझे वडील लालबागच्या एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मागण्या पगाराच्या होत्या, बोनसच्या होत्या, मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करण्याची होती. एकही मागणी गैरवाजवी नव्हती, हे मी आजही म्हणते. आईने खानावळीचे डबे दुप्पट केले. वडील आधी गेटवर जात, मग गेटवर जाणं कमी झालं, मग गावी गेले. तो संप रीतसर मागे घेतला असं कुणी कधी जाहीर केलं नाही. वडील कितीतरी वर्षं "संप चालू आहे" असंच म्हणत. पण मालकांचं मन तोपर्यंत सुतावरून उडालं होतं. माल यंत्रमागांवर विणला जात होता आणि गिरणीखालच्या जमिनीला सोन्याचा भाव येत होता. कामगार सुताच्या भावाने भांडत होते. त्या जमिनीत आमचा वाटा काय, हे विचारायला फार उशीर झाला, आणि विचारलं तेव्हा गेट बंद झालेलं होतं. म्हणून कुणी पगारवाढीच्या मागणीपत्रकावर संपाची भाषा करतं तेव्हा मी पहिलं विचारते, मालकाचं मन आज कुठे आहे? तुमच्या मालकाचं रांजणगावला आहे.

आता "इलेक्ट्रिकमुळे आमचं कौशल्य संपलं" हे तुमचं वाक्य. इथे मी तुमच्याशी वाद घालणार आहे. पिस्टन, सायलेन्सर, फ्युएल इंजेक्टर, क्लच यांचं काम बॅटरीवरच्या गाडीत उरत नाही, हे खरं. पाच-सहा गिअरचा डबाही जातो. पण मोटर आणि चाक यांच्यामध्ये वेग उतरवणारे गिअर बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये लागतातच. ते संख्येने थोडे असतात आणि बनवायला जास्त कठीण. मोटर मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेऊ शकते. शिवाय इंजिनाचा आवाज गेलेला असतो, त्यामुळे गिअरच्या दाताची बारीकशी चूक गाडीत बसलेल्याला शिट्टीसारखी ऐकू येते. डिझेलच्या गाडीत ती चूक इंजिनाच्या आवाजाखाली झाकली जायची. म्हणजे दाताचा आकार आणि कल (प्रोफाइल आणि लीड) मायक्रॉनमध्ये राखणारा, तपासणीचा चार्ट बघून घासायचं व्हील कधी ड्रेस करायचं, म्हणजे पुन्हा धारेवर आणायचं, हे सांगणारा माणूस या नव्या कारखान्याला जास्त लागणार आहे. तुम्ही २१ वर्षं तेच करताय. मशीन नवं असेल, स्क्रीन वेगळी असेल, तुम्हाला तीन-चार महिने शिकावं लागेल. पण "संपलं" हा शब्द एचआरने तुमच्या तोंडात घातलाय, आणि व्हीआरएसचा भाव पाडायला तो त्यांच्या उपयोगाचा आहे. ट्रक आणि ट्रॅक्टर उद्या सकाळी बॅटरीवर जात नाहीत, हेही लक्षात ठेवा. दोन लाइन बंद होणार हे एचआरने सांगितलं. कुठल्या ग्राहकाची कुठली ऑर्डर कधीपासून घटते, हे लेखी मागितलंत का? पत्रात तसं दिसत नाही.

कारखाना बदलताना कामगाराचं काय होतं, याची दोन उदाहरणं आपल्या डोळ्यांदेखत घडली आहेत, आणि रविवारच्या सभेत ती दोन्ही सांगितली जावीत असं मला मनापासून वाटतं. तळेगावला जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये गाड्या बनवणं थांबवलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये १,४१९ कामगारांना लेऑफ दिला. आधी कारखाना ग्रेट वॉल या चिनी कंपनीला विकायचा होता, तो व्यवहार फसला. मग ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार झाला. जमीन, इमारती, काही यंत्रं यांचा तो करार होता, कामगार त्यात नव्हते. कामगार कोर्टात गेले, उपोषणाला बसले. कारखाना पुन्हा उभा राहिला, पण त्यांच्याशिवाय. दुसरं उदाहरण गुजरातेतल्या साणंदचं. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं गाड्यांचं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. ऑगस्ट २०२२ मध्ये टाटांच्या इलेक्ट्रिक कंपनीने साणंदचा तो कारखाना ७२५ कोटींच्या वर रक्कम देऊन घ्यायचा करार केला. त्या करारात जमीन आणि यंत्रांबरोबर गाडी-उत्पादनातले पात्र कर्मचारीही घ्यायचं लिहिलेलं होतं. दोन्हीकडे परदेशी कंपनी निघून गेली, दोन्हीकडे दुसरी आली. फरक पडला तो करारातल्या एका कलमाने.

आकुर्डीला तुम्ही कधी ना कधी जात असाल. बजाजची जुनी चेतक स्कूटर जिथे बनायची त्या तिथल्या कारखान्यातलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. २०२२ मध्ये त्याच आवारात इलेक्ट्रिक चेतकचा कारखाना सुरू झाला. काम जागेवर परत आलं, पंधरा वर्षांनी. तोवर जुन्या माणसांचे हात कुठे गेले, हे पिंपरी-चिंचवडमध्ये कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा. काम नाहीसं होत नाही, ते जागा आणि नाव बदलतं. तुमच्या बाबतीत ते ४०-५० किलोमीटरवर चाललंय, आणि मालक तोच आहे. इतकी जवळची संधी तळेगावच्या लोकांना नव्हती.

म्हणून मागणीपत्रक बदला, असं माझं म्हणणं आहे. पगाराची मागणी सोडू नका, ती खाली न्या. सगळ्यात वर हे लिहा की रांजणगावच्या भरतीत पहिला हक्क इथल्या कामगारांचा राहील, सेवा अखंड धरली जाईल, प्रशिक्षण कामाच्या वेळेत आणि पगारी होईल. इथलं एकही मशीन हलवण्याआधी युनियनला लेखी कळवलं जाईल. कंपनीचं नाव वेगळं आहे म्हणून "तो आमचा विषय नाही" असं उत्तर येईल. येऊ द्या. मालक एकच असताना करारात हमी देता येते, देण्याची इच्छा लागते, आणि ती इच्छा निर्माण करण्यासाठीच तर तुमची ताकद आहे.

अमेरिकेत २०२३ मध्ये नेमकं याच मुद्द्यावर मोठं भांडण झालं. युनायटेड ऑटो वर्कर्स या युनियनने १५ सप्टेंबरपासून फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलांटिस या तिन्ही कंपन्यांमध्ये एकाच वेळी संप केला. पण सगळे कारखाने एकदम बंद केले नाहीत. दीड लाखाच्या जवळपास सभासदांपैकी पहिल्या दिवशी तेरा हजारच बाहेर आले, तीन कारखान्यांतले. मग बोलणी अडली की आणखी काही ठिकाणं. सहा आठवड्यांत साडेचार वर्षांसाठी २५ टक्के वाढ मिळाली. पण माझ्या मते मोठी कमाई वेगळीच होती: जनरल मोटर्सने बॅटरीचे भागीदारीतले कारखाने मुख्य कराराखाली आणायचं मान्य केलं. वेगळं नाव, वेगळी कंपनी, तरीही. तात्पुरत्या कामगारांना कायम करण्याची वाटही त्यात उघडली. आपल्याकडे तितकी ताकद नाही, हे मला माहीत आहे. त्यांच्याकडे ८२ कोटी डॉलरच्या वर संपनिधी होता आणि संपावरच्या प्रत्येकाला आठवड्याला ५०० डॉलर मिळत होते. तुमच्या युनियनच्या खात्यात किती आहेत?

हा प्रश्न मी टोचायला विचारत नाही. चाकणलाच २०१३ मध्ये बजाजच्या कारखान्यातला संप ५० दिवस चालला. कामगारांनी कंपनीचे ५०० शेअर एक रुपया भावाने मागितले होते. आम्ही कंपनी मोठी केली, आम्हाला मालकीचा तुकडा द्या, ही त्यामागची भावना मला आजही मोठी वाटते. कंपनीने उत्पादन दुसऱ्या कारखान्यांकडे वळवण्याची तयारी दाखवली. पन्नासाव्या दिवशी शेअर न मिळता संप मागे घेतला गेला. पन्नास दिवस म्हणजे दोन हप्ते, दोन किराणा, आणि जूनमध्ये सुरू झाला असेल तर शाळेची फी. तुमच्या १७० घरांपैकी किती घरं पन्नास दिवस काढू शकतील, हे सभेत हात वर करण्याच्या आधी गुपचूप चिठ्ठीवर लिहून घ्या. जाहीर सभेत कुणी "मला जमणार नाही" म्हणत नाही. चिठ्ठीवर खरं लिहितात.

आणि मग मोजा, तुम्ही १७० बाहेर बसलात तर आत मशीन कोण चालवेल?

इथे भाचा येतो.

ते ४०० जण आत राहिले तर तुमचा संप चार दिवसांत फुसका होईल. ती मुलं वाईट नाहीत. त्यांना सांगितलंच नाही की हा संप त्यांचा आहे, आणि खरं तर तो त्यांचा नाहीच. तुमच्या मागणीपत्रकात त्यांच्यासाठी काय आहे? पत्रात तुम्ही लिहिलंय, "त्यांचा विषय घेतला तर करार लांबेल, असं कमिटी म्हणते." पंचवीस वर्षं प्रत्येक करारात आपल्या या औद्योगिक पट्ट्यातल्या युनियन हेच म्हणत आल्या. एकेका करारात परमनंटचा पगार वाढला आणि परमनंटची संख्या कमी झाली. मालकाने वाढ दिली ती नव्या पोरांच्या पगारातून. तुम्हाला हे ऐकायला जड जाईल, पण तुमच्या पगारातला एक हिस्सा भाच्याच्या न मिळालेल्या पगाराचा आहे, आणि तुम्ही दोघंही ते जाणता. म्हणून त्याचं वाक्य तुम्हाला झोपू देत नाही.

यात कायद्याचाही एक पेच आहे, तो तुमच्या कमिटीने नीट समजून घ्यावा. केंद्राच्या चारही नव्या कामगार संहिता (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले कायदे) २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. कारखाना बंद करायला किंवा कामगार कपात करायला सरकारची आगाऊ परवानगी लागते ती आता ३०० किंवा जास्त कामगार असतील तर. केंद्राच्या जुन्या कायद्यात हा आकडा १०० होता. तुम्ही १७० आहात. जुन्या आकड्याच्या वर, नव्याच्या खाली. ठेकेदाराच्या मस्टरवरची मुलं या मोजणीत साधारणपणे तुमच्या बाजूला धरली जात नाहीत. तीच जर कंपनीच्या मस्टरवर असती, तर मालकाला परवानगी मागायला जावं लागलं असतं. भाच्याला बाहेर ठेवून तुमचं संरक्षण झालं नाही, तुमचंच छप्पर त्याच्यासोबत उडालं.

हरियाणातल्या मानेसरच्या मारुती कामगारांनी ऑक्टोबर २०११ मध्ये एक गोष्ट केली, ती लोक विसरतात. स्वतः परमनंट असून, टाळेबंदी उठल्यावर आत घेतले गेलेले असून, कंत्राटी साथीदारांना परत घेत नाहीत म्हणून ते पुन्हा कामबंद करून आत बसले. पुढच्या वर्षी, १८ जुलै २०१२ ला, तिथे जो हिंसाचार झाला तो आपल्याला ठाऊक आहे. एचआरचे एक वरिष्ठ अधिकारी जिवानिशी गेले, शेकडो कामगार नोकरीतून गेले, काही वर्षानुवर्षं तुरुंगात राहिले, २०१७ मध्ये १३ जणांना जन्मठेप झाली आणि ११७ निर्दोष सुटले. निर्दोष सुटलेल्यांची वर्षं कुणी परत दिली नाहीत. एका माणसाचं घर उद्ध्वस्त झालं, आणि शेकडो कामगारांची. कमिटीवर आहात, म्हणून सांगते: गेटवर तापलेली मुलं असतील, त्यांना शांत ठेवण्याची जबाबदारी पहिल्या दिवसापासून नावानिशी वाटून घ्या. सुपरवायझरला, एचआरच्या मुलीला, आत जाणाऱ्या ट्रेनीला कुणी हात लावणार नाही, हे ठरावातच लिहा.

कंत्राटी मुलांसाठी सगळं एकदम मागू नका, नाहीतर मालकाला नकार सोपा जाईल. सलग किती वर्षं कोण राबतोय याची ज्येष्ठता यादी आधी तुम्ही स्वतः करा, ठेकेदार बदलला तरी माणूस तोच आहे हे दाखवणारी. मग दरवर्षी त्या यादीतून अमुक इतके कंपनीच्या मस्टरवर, असं मागा. रांजणगावच्या भरतीतही त्यांची नावं तुमच्या पाठोपाठ असू द्या. युनियनच्या घटनेत कंत्राटी कामगाराला सभासद करून घेता येतं का ते पाहा, येत नसेल तर घटना दुरुस्त करा. भाच्याला म्हणावं, दर महिन्याची वेतनचिठ्ठी जपून ठेव, पीएफ खरंच भरला जातो का ते मोबाइलवर तपास, ओव्हरटाइमचे तास वहीत लिही. उत्पादनाच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार वापरण्यावर नव्या संहितेत बंधन आहे, अपवादांसकट. गिअर कंपनीत ग्राइंडिंग हे मुख्य काम नाही, असं कुणी कसं म्हणेल? हा मुद्दा वकिलाकडून लेखी करून घ्या.

संपाच्या कायद्याबद्दल थोडक्यात, कारण यात चूक झाली की बाकी सगळं पाण्यात जातं. नोटीस दिल्यापासून १४ दिवसांच्या आत संप करता येत नाही, आणि समेटाची बोलणी अधिकाऱ्यापुढे चालू असताना आणि संपल्यावर सात दिवसही नाही. "संप नको, सगळे एकदम रजा टाकू" असं तुमच्यातला कुणीतरी नक्की सुचवेल. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून रजा घेतली तर नव्या संहितेत तोही संपच धरला जातो. दहा किंवा जास्त जण ठरवून, नोटिशीशिवाय गैरहजर राहिले तर नोकरीच्या अटींनुसार नोटिशीपोटी आठ दिवसांपर्यंतचा पगारही कापता येतो. उलट बाजूने, तुमच्याकडेही एक हत्यार आहे आणि ते बहुतेक युनियन वापरत नाहीत. कामगार कपात होईल असं नवं तंत्र किंवा यंत्ररचना आणायची असेल तर मालकाने २१ दिवस आधी बदलाची नोटीस देणं बंधनकारक आहे. दोन लाइन बंद करण्याची भाषा चाललीय, तशी नोटीस लागली आहे का? नसेल तर तसं पत्र आजच कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्या. १४ दिवसांच्या नोटिशीत मालक ओव्हरटाइम लावून गोदाम भरतो, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही. म्हणून नोटीस कधी द्यायची, हे ग्राहकाचं वेळापत्रक बघून ठरवतात, भाषणाच्या भरात नाही.

आता वहिनींचं म्हणणं. त्या घाबरल्यात म्हणून व्हीआरएस म्हणतात, असं तुम्ही लिहिलंत. मला तसं वाटत नाही. घरचा हिशेब त्याच बघतात आणि हिशेब त्यांनी केलाय. तो सोबत बसून पुन्हा करा. तुमच्या हातात ५२ हजार येतात. २२ लाख म्हणजे ४२ महिन्यांचा पगार. घराच्या कर्जाचे ९ लाख फेडलेत तर १३ उरतात, म्हणजे २५ महिने. ५८ ला तुम्हाला १४४ महिने आहेत. मुलगी बारावीत आहे, म्हणजे खर्चाची वर्षं पुढे आहेत. दुसऱ्या बाजूने बघा: उद्या कंपनीने नुसती कायद्याप्रमाणे कपात केली तर भरपाई वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी पगाराने मिळते. २१ वर्षांचे साधारण साडेदहा महिने, म्हणजे साडेपाच लाखांच्या आसपास. त्यामुळे २२ लाख हा आकडा झिडकारण्यासारखा नाही, वहिनी त्या अर्थाने बरोबर आहेत.

पण त्या २२ लाखांत काय काय आहे? ग्रॅच्युइटी धरून आहे का? ती तुमची कमाई आहे, व्हीआरएसची मेहेरबानी नाही. बेसिक आणि डीए मिळून ३० हजार असतील तर २१ वर्षांची ग्रॅच्युइटी ३ लाख ६३ हजार होते. ती वेगळी दाखवायला सांगा. आकडा मोठा दिसावा म्हणून पीएफ, शिल्लक रजा, बोनस सगळं एकत्र बांधून देतात, असे कागद मी पाहिले आहेत. कराचं आधी विचारा, सवलत अटींसकट आणि ५ लाखांपर्यंतच असते. मेडिक्लेम त्या दिवशी संपतो का, तेही. आणि एकट्याने फॉर्म भरू नका. व्हीआरएस हा कराराचा भाग करा, म्हणजे किमान रक्कम सगळ्यांना सारखी ठरेल आणि वर्षभरात कुणाला जास्त दिली तर आधी गेलेल्यांना फरक मिळेल, असं कलम घालता येतं. ज्यांची नोकरी तीन-चार वर्षं उरली आहे, ज्यांना पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं आहे, ज्यांची गावी शेती बघायला माणूस नाही, त्यांच्यासाठी व्हीआरएस चांगली आहे आणि त्यांनी ती मान ताठ ठेवून घ्यावी. तसे लोक गेले की रांजणगावसाठी नावं कमी उरतील, हेही कमिटीने ध्यानात घ्यावं.

तुम्ही स्वतः? ४६ व्या वर्षी, हातात हे काम असताना, मी आज फॉर्म भरला नसता. आणि आजच्या मागणीपत्रकावर संपाला हातही वर केला नसता. मी सभेत उठून उपसूचना मांडली असती: मागणीपत्रक पंधरा दिवसांत नव्याने करू, रांजणगाव आणि कंत्राटी कामगार वर घेऊ, त्यावर बोलणी अडली तर संपाचा अधिकार कमिटीला आत्ताच देऊ. हे बोलताना तुम्हाला गद्दार म्हणतील. म्हणू द्यात, पण तुमच्या बाजूने आधी चार-पाच जणांशी बोलून ठेवा, एकट्याची उपसूचना आरडाओरड्यात बुडते. अध्यक्षांना सभेच्या आदल्या दिवशी घरी जाऊन भेटा. सभेत पहिल्यांदा ऐकलं तर त्यांना तो आपल्यावर वार वाटेल.

उपसूचना पडली आणि संपाचा ठराव मंजूर झाला तर? मग तुम्ही बाहेर बसायचं. मतभेद सभेत, गेटवर नाही. तुमच्या पत्रावरून तुम्ही तसेच आहात, मला ते सांगायला नको होतं.

भाच्याच्या बाबतीत आणखी एक. त्याला ठेकेदाराकडे लावलंत म्हणून तुम्ही स्वतःला अपराधी समजताय. आयटीआय होऊन घरी बसलेल्या मुलाला मामाने काम लावून दिलं, यात कसला अपराध? पण त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही त्याला देणं लागता. रविवारी त्याला सोबत न्या. सभासद नाही म्हणून सभागृहात घेतलं नाही तर तो दाराशी उभा राहील. त्याच्यासारखे आणखी दहा-बारा जण येतील असं त्याला आधीच सांगून ठेवा. तुम्ही उपसूचना वाचायला उभे राहाल तेव्हा दार उघडं ठेवायला सांगा, म्हणजे त्यांना ऐकू येईल.